गावची वार्ता आणि नभोवाणी

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. श्रावण नुकताच लागला होता. बिदरला एका आप्ताकडचे बारसे आटोपून आम्ही हैदराबादेस परत निघालो होतो. जहीराबाद अजून तीनचार मैलांवर असेल नसेल, तोच बसने मान टाकली. वाहक खाली उतरला, चालक खाली उतरला, पाठोपाठ सारेच उतारू उतरले. आणि असल्या प्रसंगी प्रवाशांचा घोळका ज्या दिशेने जातो त्या दिशेने, म्हणजे पत्र्याच्या एका चहाच्या हॉटेलाकडे, आम्हीही निघालो. दिवेलागणीची वेळ होती. हॉटेलात फळीवर एक जुनाट रेडिओ ठेवलेला होता आणि त्यातून एका बाईचा आवाज येत होता. भाषा तेलुगू, तीही शहरातली नव्हे, रानातली. ज्वारीच्या पाटात तूर कशी घालावी, कोणते बियाणे घरचे राखावे, असे काही ती सांगत होती. सराईत निवेदिकेचा तो गुळगुळीत स्वर नव्हता. मध्येच ती अडखळे, हसे, आणि पुन्हा बोलू लागे.

हॉटेलात तिचे बोलणे कोणी ऐकत होते, कोणी नव्हते. ऐकत नव्हते त्यांच्या गप्पांचे विषय तीन. आमदार परवा येऊन गेले ते कोणाच्या वाड्यावर उतरले आणि कोणाच्या उतरले नाहीत, हा पहिला. पलीकडच्या शिवारातून पाण्याची मोटार चोरीस गेली ती कोणी नेली असावी, हा दुसरा. आणि नाक्यावर एका विधवा बाईने मिरचीकांडपाचे यंत्र बसविले आहे ते चालेल की बसेल, हा तिसरा. आमच्या शेजारी बसलेले एक वृद्ध गृहस्थ बिदरकडचे, मराठी बोलणारे निघाले. आम्ही त्यांना सहज विचारले, "हे मोटारीच्या चोरीचे ही बाई रेडिओवर सांगत नाही का?"

म्हातारबुवा हसले. म्हणाले, "तिला समदं ठावं हाय की, साहेब. इथलीच हाय ती. पर रेडिओवर सांगायला मनाई हाय."

त्या मनाईचा इतिहास पुढे दोन वर्षे सवडीने धुंडाळला, त्यातून हा लेख झाला.

विषयास हात घालण्यापूर्वी आमच्या स्वतःच्या मनाईविषयीही एक शब्द लिहिणे प्राप्त आहे. आम्ही केंद्र सरकारच्या एका कचेरीत उच्चश्रेणी लिपिक आहो. आमच्यासारख्यांसाठी केंद्रीय नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९६४ आहेत. त्यांतील नववा नियम असा की, सरकारी नोकराने नभोवाणीवरून, स्वतःच्या नावाने वा निनावी छापलेल्या लेखातून, किंवा जाहीर बोलण्यातून केंद्राच्या वा राज्याच्या चालू अथवा नजीकच्या धोरणावर प्रतिकूल टीका होईल असे विधान करू नये. आठव्या नियमान्वये, जी मते मांडू ती आमची आहेत, सरकारची नव्हेत, हे स्पष्ट करणे आमच्यावर बंधनकारक आहे. ते येथे स्पष्ट केले असे वाचकांनी समजावे. तेव्हा धोरणाचे गुणदोष काढण्याच्या फंदात आम्ही पडणार नाही. जे घडले ते सनांसह सांगू. एक मनाई असलेला माणूस दुसऱ्या मनाईची कथा सांगत आहे, यातील गंमत सुज्ञ वाचकांच्या ध्यानी आलीच असेल.

या मनाईचे मूळ नभोवाणीच्याही आधीचे आहे. १८८५ च्या तारयंत्र कायद्याच्या चौथ्या कलमाने तारा उभारण्याचा आणि चालविण्याचा अनन्य अधिकार सरकारकडे घेतला. तेव्हा बिनतारी संदेश ही कल्पनाही कोणाच्या डोक्यात नव्हती. पुढे नभोवाणी निघाली ती आयतीच त्या कलमाच्या छत्राखाली आली. आणि १९३३ च्या बिनतारी यंत्र कायद्याने तर नुसते ऐकण्याचे यंत्र जवळ बाळगण्यासही परवाना लागू लागला. आमच्या आजोबांच्या ट्रंकेत त्यांच्या रेडिओचे परवाना-पुस्तक अजून आहे. दरसाल पोस्टात शुल्क भरायचे आणि पुस्तकावर शिक्का मारून घ्यायचा. ऐंशीच्या दशकाच्या मध्यास हे परवाने रद्द झाले, पण आजोबांनी ते पुस्तक टाकले नाही. आम्ही लिपिक झालो ते वारशानेच, असे घरात थट्टेने म्हणतात.

हौशी मंडळींनी १९२३ साली मुंबईत आणि कलकत्त्यात, व १९२४ साली मद्रासेत रेडिओ क्लब काढले. २३ जुलै १९२७ रोजी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे मुंबई केंद्र सुरू झाले. १९३० च्या मार्चमध्ये कंपनी बुडाली आणि एप्रिलपासून सरकारने कारभार हाती घेतला. १९३६ च्या जूनमध्ये तिचे नाव 'ऑल इंडिया रेडिओ' झाले. हा भाग शाळेतील मुलांनाही ठाऊक असतो. आम्हां हैदराबादकरांस अधिक जिव्हाळ्याचा इतिहास आहे तो संस्थानी नभोवाणीचा. १९४७ साली ब्रिटिश हिंदुस्थानचा जो भाग भारतात राहिला त्यात ऑल इंडिया रेडिओची सहा केंद्रे होती; संस्थानांची पाच होती. म्हैसूर, बडोदे, त्रिवेंद्रम आणि निजामाची दोन, हैदराबाद व औरंगाबाद. हैदराबादचे केंद्र प्रथम खाजगी होते, अवघ्या दोनशे वॉटचे. १९३५ साली निजाम सरकारने ते घेतले. त्यावरून उर्दूस अग्रस्थान, आणि तेलुगू, मराठी, कानडी यांस वाट्यास येईल तेवढा वेळ मिळे. प्रजेची भाषा एक आणि दरबाराची दुसरी, हे जसे संस्थानाच्या कचेऱ्यांत, तसेच हवेतही.

आजोबा १९४८ साली अठरा वर्षांचे होते, काचीगुड्यास एका चुलत्याकडे शिकावयास राहिले होते. ते सांगत की, त्या सप्टेंबरात घरात रेडिओच्या दोन सुया होत्या, एक डेक्कन रेडिओची आणि एक दिल्लीची. पहिलीवर निजामाची फौज जिंकत असे, दुसरीवर भारताची फौज पुढे सरकत असे. आणि गल्लीत काय चालले आहे ते मात्र दोन्हींवर येत नसे. ते कळे दूधवाल्याकडून. १७ सप्टेंबरला खुद्द निजामाने नभोवाणीवरून शस्त्रसंधीची घोषणा केली तेव्हा दोन्ही सुया प्रथमच एका अर्थावर आल्या. १ एप्रिल १९५० रोजी ही संस्थानी केंद्रे ऑल इंडिया रेडिओत विलीन झाली. मालक बदलला. दूधवाल्याचे महत्त्व तसेच राहिले, असे आजोबा म्हणत.

गल्लीतली आणि गावातली खबर हवेतून सांगण्याचे जे प्रयत्न झाले ते, खरे पाहता, परवान्याबाहेरचेच होते. १९४२ च्या ऑगस्टमध्ये बावीस वर्षांच्या उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत काँग्रेस रेडिओ चालविला. जागा बदलीत, पोलिसांची नजर चुकवीत, त्यांनी १२ नोव्हेंबरपर्यंत तो चालू ठेवला. विदर्भातील चिमूर आणि आष्टी येथे काय झाले, हे वृत्तपत्रांची मुस्कटदाबी असताना याच रेडिओने सांगितले. म्हणजे एका आडगावचा अत्याचार, त्या गावाच्या नावानिशी, हवेतून सांगितला गेला तो असा. उषाबाईंना चार वर्षांची सजा झाली आणि येरवड्यास धाडण्यात आले. दुसरा प्रयत्न गोव्याचा. २५ नोव्हेंबर १९५५ पासून वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी आंबोलीच्या व पुढे कॅसलरॉकच्या जंगलातून कोंकणी आणि पोर्तुगीज भाषांत स्वातंत्र्याचा आवाज प्रक्षेपित केला. पोर्तुगीज सेन्सॉर जे छापू देत नसे ते गोमंतकीय माणूस दारे लावून ऐके. सहा वर्षांनी गोवा मुक्त झाला तेव्हा ही बातमी त्या दोघांनी विमानातून ध्वनिवर्धकावर सांगितली. ऐकणाऱ्यांना तो आवाज ओळखीचा होता. चेहरे मात्र तोवर कोणी पाहिले नव्हते.

स्वातंत्र्यानंतर सरकारने गावाकडे दुर्लक्ष केले असे मात्र कोणी म्हणू नये. २ ऑक्टोबर १९५३ रोजी पुणे केंद्र निघाले. तेथील ग्रामीण विभागात १९५५ पासून व्यंकटेश माडगूळकर होते, यावरून त्या विभागाची भाषा कशी असेल याची कल्पना येते. १९५६ साली युनेस्कोच्या साह्याने पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतील दीडशे गावांत शेतकऱ्यांची श्रोतृमंडळे स्थापन झाली. दहा आठवडे, आठवड्यातून दोन वेळा, अर्ध्या तासाचा कार्यक्रम लागे. मंडळी एकत्र बसून तो ऐकत, त्यावर चर्चा करीत आणि शंका पुण्यास लिहून पाठवीत. त्यांची उत्तरे पुढे कार्यक्रमातून येत. हा प्रयोग जगभर नावाजला गेला आणि नंतर देशभर पसरला. यात गावाने प्रश्न विचारावा आणि शहराने उत्तर द्यावे, इतका संवाद होता. गावाने गावाला काही सांगावे, ही योजना त्यात नव्हती. पण जे होते तेही थोडे नव्हते. ज्या कुणब्याला आयुष्यात कोणी मत विचारले नाही त्याचे पत्र हवेतून वाचले जाई, याचे मोल पुण्यातल्या लेखणीबहाद्दरांस कळणार नाही.

याच काळात दिल्लीस नभोवाणी खात्याचे मंत्री होते बाळकृष्ण विश्वनाथ केसकर, आपलेच मराठी गृहस्थ. त्यांनी चित्रपटगीतांस आकाशवाणीवर अवकाश उरू दिला नाही. लोकांनी सुई सिलोनकडे फिरविली. मग १९५७ च्या ऑक्टोबरात विविधभारती काढावी लागली. श्रोता मुकाट बसतो पण सुई फिरवितो, हा धडा त्यातून निघाला तो एवढाच. असो.

राजकारणाचे काय? साठीचे दशक सरता सरता आकाशवाणीने प्रक्षेपणाची एक संहिता ठरविली. मित्रराष्ट्रांवर टीका नको, धर्म वा जाती यांवर हल्ला नको, अश्लील किंवा बदनामीकारक नको, न्यायालयाचा अवमान नको, हिंसेस चिथावणी नको. इथवर कोणाचे दुमत होऊ नये. पुढे असे की, कोणत्याही पक्षावर नाव घेऊन हल्ला नको आणि केंद्र वा राज्य सरकारवर वैरभावाची टीका नको. ही संहिता हाती धरून चहाच्या हॉटेलातल्या त्या तीन विषयांची चाळणी करावी. आमदार पहिल्या झटक्यास गळतात. मोटारीची चोरी, आरोपी सापडेपर्यंत, बदनामीच्या कलमात अडकते. मिरचीचे यंत्र तेवढे शिल्लक राहते. पण आकाशवाणीच्या प्रादेशिक केंद्रास, अर्ध्या राज्याचा कारभार सांभाळताना, एका नाक्यावरच्या यंत्राची दखल घेण्यास सवड कोठून असणार? आणीबाणीनंतर नेमलेल्या वर्गीज समितीने १९७८ साली स्वायत्त 'आकाशभारती'ची योजना मांडली. तीवरून पुढे १९९० चा प्रसारभारती कायदा झाला आणि तो प्रत्यक्षात यावयास १९९७ साल उजाडले. दरम्यान ३० ऑक्टोबर १९८४ रोजी कन्याकुमारीजवळ नागरकोइल येथे आकाशवाणीचे पहिले स्थानिक केंद्र सुरू झाले. जिल्ह्याचे केंद्र जिल्ह्याच्या माणसांशी बोलेल ही कल्पना तेथे प्रथम साकारली. आणि अशी केंद्रे पुढे बरीच निघाली.

येथवरची कथा सरकारची. तिला वळण लागले ते क्रिकेटमुळे. १९९३ सालच्या हीरो चषकाचे चित्रण परदेशी कंपनीला देता येते की नाही यावरून बंगालची क्रिकेट संघटना आणि सरकार यांचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. ९ फेब्रुवारी १९९५ रोजी निकाल लागला. न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांनी, न्या. मोहन यांच्यासह, म्हटले की आकाशलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. तिचा वापर लोकहितासाठी स्वायत्त सार्वजनिक यंत्रणेच्या नियंत्रणाखाली व्हावा. त्याच पीठातील न्या. बी. पी. जीवन रेड्डी, आमच्या या तेलुगू मुलखातले, यांनी वेगळा पण सहमतीचा निकाल लिहिला. चेंडूफळीच्या भांडणातून १८८५ च्या कलमाचा अर्थ बदलला. इतिहासास थट्टा करण्याची खोड आहे ती अशी.

लहरी लोकांच्या झाल्या, पण लोक म्हणजे कोण? प्रथम उत्तर आले ते व्यापाऱ्यांचे. लिलाव झाले आणि ३ जुलै २००१ रोजी बंगळुरास पहिले खाजगी एफ. एम. केंद्र लागले. त्याविषयी येथे अधिक लिहिण्याचे कारण नाही. त्यांना बातम्या देण्यास मनाई होती. त्यांची तक्रारही फारशी नव्हती, गाणी आणि जाहिराती यांवर त्यांचे बरे चालले होते. पुढे २०११ च्या धोरणाने त्यांना आकाशवाणीची बातमीपत्रे एका अक्षराचा बदल न करता लावण्याची मुभा दिली, आणि हवामान, वाहतूक, परीक्षांचे निकाल वगैरे बातम्या नव्हेत असे ठरविले.

दुसरे उत्तर आले ते जहीराबादेजवळच्या पस्तापूरहून. हा तालुका १९५६ पर्यंत बिदर जिल्ह्यात होता. भाषावार प्रांतरचनेत तो मेदक जिल्ह्याकडे आला, आणि २०१६ नंतर संगारेड्डी जिल्ह्यात गेला. तेलुगू, कानडी, मराठी, दखनी, सगळ्यांची येथे सरमिसळ. लाल आणि काळी, दोन्ही जातींची माती, पाऊस बेभरवशाचा. १९८३ साली येथे डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटी ही संस्था स्थापन झाली. तिने गावोगाव बायकांचे संघम उभे केले; बहुतेक बाया दलित, बहुतेक निरक्षर. पी. व्ही. सतीश हे तिच्या संस्थापकांपैकी एक. ते २०२३ च्या मार्चमध्ये निवर्तले. पडीक जमीन लागवडीखाली आणणे, ज्वारी-बाजरी-राळ्यासारख्या भरडधान्यांचे घरचे बियाणे जपणे, ही या संघमांची कामे. ही कामे करता करता बायांनी मागणी केली की आम्हांला आमचा रेडिओ हवा. शहरातल्या माणसास ही मागणी चमत्कारिक वाटेल. पण जिला वाचता येत नाही तिला वर्तमानपत्र कशाला? तिचे सारे ज्ञान कानातून आलेले आणि तोंडातून जाणारे. रेडिओ हे तिच्या दृष्टीने नवे यंत्र नव्हतेच. ओसरीवरच्या बोलण्याला लांब पोहोचविणारी ती एक सोय होती.

युनेस्कोच्या साह्याने १९९८ साली माचनूर गावी केंद्राची इमारत उभी राहिली. ध्वनिमुद्रणाची यंत्रे आली. दोन मुली, दोघींचेही नाव नरसम्मा, एकीला 'जनरल' नरसम्मा आणि दुसरीला गावावरून अल्गोल नरसम्मा म्हणतात, त्या यंत्रे चालवावयास शिकल्या. सर्व सिद्धता झाली. परवाना तेवढा नव्हता. मग या बायांनी काय केले? कार्यक्रम मुद्रित करीत राहिल्या आणि फिती गावोगाव नेऊन संघमच्या बैठकीत वाजवून दाखवीत राहिल्या. एक नाही, दोन नाही, दहा वर्षे. केंद्र आहे, निवेदिका आहेत, श्रोते आहेत, कार्यक्रम आहेत. मधली हवा तेवढी नाही. आम्हांला वाटते, जगाच्या नभोवाणीच्या इतिहासात हवेवाचून इतका काळ चाललेले केंद्र विरळाच. जुलै २००० मध्ये देशभरचे कार्यकर्ते एकत्र जमले आणि गावच्या नभोवाणीस कायद्यात स्थान द्यावे अशी मागणी करणारे निवेदन त्यांनी काढले. 'पस्तापूर इनिशिएटिव्ह' या नावाने ते प्रसिद्ध आहे.

तोवर इतरत्र काय चालले होते तेही पाहावे. कर्नूल जिल्ह्यातील ओर्वकल येथे बचतगटाच्या बायांनी २००२ साली एका चिमुकल्या प्रक्षेपकावर 'मन रेडिओ' सुरू केला. मन म्हणजे तेलुगूत 'आपला'. पुढच्याच वर्षी, परवाना नसल्याच्या कारणावरून, तो बंद करण्यात आला. बिहारच्या वैशाली जिल्ह्यात मन्सूरपूर येथे रेडिओदुरुस्तीचे दुकान चालविणाऱ्या एका तरुणाने पन्नासेक रुपयांच्या सामानात प्रक्षेपक बनविला आणि बांबूला तार बांधून 'राघव एफ. एम.' लावले. गाणी तर होतीच. पण त्याबरोबर हरवलेल्या मुलांचे निरोप आणि गावातली खबरबातही तो सांगे. २००६ च्या फेब्रुवारीत बीबीसीने त्याची कहाणी जगाला सांगितली. जगाबरोबर ती सरकारलाही कळली आणि महिन्याभरात केंद्र बंद झाले. कर्नाटकात कोलार जिल्ह्यातील बुदिकोटे गावाने शक्कल काढली ती अशी की, हवा सरकारची ना, मग आवाज तारेतूनच घरोघर न्यावा. 'नम्म ध्वनि' तशी निघाली.

अखेर १६ नोव्हेंबर २००६ रोजी केंद्र मंत्रिमंडळाने सामुदायिक नभोवाणीचे धोरण मान्य केले. तत्पूर्वी २००२ च्या अखेरीस विद्यालयांना मुभा मिळाली होती आणि मद्रासच्या अण्णा विद्यापीठाने फेब्रुवारी २००४ मध्ये आपले केंद्र सुरूही केले होते. आता बिगरसरकारी संस्थांना दार उघडले. शक्ती शंभर वॉट, निम्मा तरी कार्यक्रम स्थानिक, जाहिराती तासास ठरावीक मिनिटे. माचनूरला परवाना मिळाला. १५ ऑक्टोबर २००८ रोजी, ग्रामीण स्त्रियांचा आंतरराष्ट्रीय दिन प्रथमच साजरा होत होता त्या दिवशी, 'संघम रेडिओ' हवेत आला. उद्घाटनास आले होते निवृत्त न्यायमूर्ती पी. बी. सावंत. ज्यांनी निकाल लिहिला त्यांनीच, तेरा वर्षांनी, त्या निकालाचे फळ माळरानावर उभे राहून पाहिले. न्यायाधीशाच्या नशिबी असा योग फार थोड्या वेळा येतो. तो मनुष्य मराठी होता, याचा आम्हांला अभिमान वाटला तर वाचकांनी तो संकुचितपणा समजू नये.

त्याच वर्षी साताऱ्याच्या माण तालुक्यात, म्हसवडला, माणदेशी तरंग निघाला. तो निघाला एका पेढीच्या आश्रयाने. तेथील बायांनी १९९७ साली स्वतःची सहकारी बँक काढली होती. प्रथम रिझर्व्ह बँकेने परवाना नाकारला, कारण अर्जावर सह्यांऐवजी अंगठे होते. बाया लिहावयास शिकल्या, पुन्हा मुंबईस गेल्या आणि अधिकाऱ्यांना म्हणाल्या की, लिहिता येत नसले तरी व्याज आम्हांला तोंडी काढता येते, तुम्ही यंत्राने काढून दाखवा. परवाना मिळाला. शेळ्या पाळणारी, आठवड्याच्या बाजारात भाजी विकणारी, शिलाईयंत्र घेतलेली बाई ही त्या रेडिओची श्रोती आणि तीच त्याचा विषय. मिरचीकांडपाच्या यंत्राला म्हसवडच्या हवेत जागा आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

म्हणजे हॉटेलातल्या तीन विषयांपैकी तिसऱ्याची सोय झाली. पहिल्या दोहोंची नाही. कारण त्याच धोरणात एक वाक्य आहे: परवानाधारकाने बातम्या व चालू घडामोडी यांविषयीचा, वा अन्यथा राजकीय स्वरूपाचा, कोणताही कार्यक्रम प्रक्षेपित करू नये. म्हातारबुवांची ती 'मनाई' ही. २०१३ साली 'कॉमन कॉज' या दिल्लीच्या संस्थेने हे कलम सर्वोच्च न्यायालयात आव्हानित केले. २०२३ साली दूरसंचार नियामक प्राधिकरणाने खाजगी एफ. एम. केंद्रांस तासाला दहा मिनिटांपर्यंत बातम्या देऊ द्याव्यात अशी शिफारस केली. ही शिफारस सरकारच्याच एका यंत्रणेची असल्याने ती नमूद करण्याने नववा नियम मोडत नाही, असा आमचा समज आहे.

आता दुसरी बाजू. ती सांगितल्यावाचून राहणे अप्रामाणिकपणाचे होईल. गावची नभोवाणी मोकळी सुटली म्हणजे काय होते याची दोन उदाहरणे जगात आहेत आणि ती एकमेकांस छेद देतात. १९४९ साली अमेरिकेत अटलांटा शहरी जेसी ब्लेटन नावाच्या एका कृष्णवर्णी हिशेबनिसाने (आमच्या धंद्यातला मनुष्य!) एक रेडिओ केंद्र विकत घेतले. कृष्णवर्णीयांच्या मालकीचे ते त्या देशातील पहिले केंद्र. गोऱ्यांची वर्तमानपत्रे ज्या वस्तीची दखल केवळ गुन्ह्यापुरती घेत, त्या वस्तीचे दुकानदार, पाद्री, पुढारी त्यावर बोलू लागले. मार्टिन ल्यूथर किंग यांची कचेरी पुढे त्याच इमारतीत खालच्या मजल्यावर आली. त्यांना काही सांगावयाचे असले की ते खराट्याच्या दांड्याने छतावर ठोकीत आणि वरून ध्वनिग्राहक खाली सोडला जाई, असे सांगतात. हे एक उदाहरण. दुसरे रुआंडाचे. १९९३ साली तेथे एक खाजगी 'बोलका' रेडिओ निघाला. गप्पा, विनोद, श्रोत्यांचे दूरध्वनी, सगळे अगदी घरगुती. १९९४ च्या एप्रिलपासून त्याच घरगुती आवाजात कोणाला कोठे गाठून मारावे हे सांगितले जाऊ लागले. लक्षावधी माणसे मेली. केंद्राच्या संस्थापकांपैकी एकास २००३ साली आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने दोषी ठरविले. तेव्हा मनाई लिहिणाऱ्या अधिकाऱ्याच्या डोळ्यांसमोर निव्वळ खुर्ची असते असे मानणे त्याच्यावर अन्याय करणारे होईल. रझाकारांच्या काळातल्या हैदराबादेत, एका गल्लीच्या रेडिओवर कोण काय बोलला असता, हा प्रश्न आम्ही आजोबांना एकदा विचारला होता. ते बराच वेळ बोलले नाहीत.

मात्र हेही खरे की, अटलांटाचे केंद्र वस्तीचे होते आणि रुआंडाचे सत्तेजवळच्या बड्या लोकांचे. कोणाच्या हाती ध्वनिग्राहक आहे, यात सगळा भेद आहे, आणि शंभर वॉटचे माप तो भेद सांगू शकत नाही.

दरम्यान ज्यांना बोलावयाचेच होते त्यांनी बुदिकोट्याप्रमाणे दुसरी वाट काढली. २०१० साली छत्तीसगडात 'सीजीनेट स्वर' निघाला. त्याला प्रक्षेपक नाही, केंद्र नाही. आदिवासी मनुष्य आपल्या भ्रमणध्वनीवरून एक क्रमांक फिरवितो; हातपंप सहा महिने बंद आहे, रोजगार हमीची मजुरी मिळाली नाही, असे आपल्या बोलीत सांगतो; ते तपासून दुसऱ्यांना ऐकावयास ठेवले जाते. सांगणारा पुष्कळदा अधिकाऱ्याचा क्रमांकही देतो, की ऐकणाऱ्यांनी त्याला विचारावे. कचेरीत टेबलाच्या या बाजूस बसणाऱ्या आमच्यासारख्यांना त्या दूरध्वनींची कल्पना करूनच घाम फुटतो. पण मजुरी मिळते, हातपंप दुरुस्त होतो, असेही अनेकदा घडलेले आहे. नभोवाणीस जे वर्ज्य ते दूरध्वनीस मुभा, हा भेद १८८५ च्या कायद्याने केला नव्हता. तो त्याच्या पोटी जन्मला. तो कायदाही आता इतिहासजमा होत आहे, कारण २०२३ च्या दूरसंचार कायद्याने त्याची जागा घेतली.

त्या संध्याकाळी बस दुरुस्त व्हावयास दीड तास लागला. रेडिओवरची बाई पेरणीचे संपवून गाणी लावू लागली होती; ओव्यांसारखी, जात्यावरची. हॉटेलवाल्याने दिवा लावला. मोटारीच्या चोरीचा छडा आमच्यासमोरच लागला म्हणावयास हरकत नाही, कारण तीन जणांनी तीन नावे सांगितली आणि चौथ्याने ती तिन्ही खोडून काढली. वाहकाने शिटी वाजविली. आम्ही उठलो तसे म्हातारबुवांनी आमचा हात धरला आणि म्हणाले, "हैदराबादला लिहिण्याचं काम करता म्हनता, तर एक करा साहेब. ती मिरचीवाली बाई हाय न्हवं, तिच्या यंत्राला तीन फेजची लाईट मिळंना. चार महिने झाले. रेडिओवरची नरसम्मा काय सांगनार? तुमीच कुठंतरी लिवा."

आम्ही लिहितो म्हणालो. चार वर्षे झाली.